पाचगणीचा पियानो वाजविणारा विद्यार्थी



स्नेहसंमेलनात मुले गिटार आणि ड्रम घेऊन मंचावर आली की आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. म्हणून आज अशाच एका शाळकरी बँडमधील मुलाचे चरित्र थोडक्यात सांगतो.

आपण ज्या दिवशी शिक्षक दिन साजरा करतो, त्या ५ सप्टेंबरला, १९४६ साली, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात फारोख बलसारा याचा जन्म झाला. वडील तेथील न्यायालयात रोखपाल होते. आठ वर्षांच्या फारोखला शिक्षणासाठी सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. घर समुद्रापलीकडे, स्वभाव लाजाळू, त्यात पुढे आलेल्या दातांमुळे मुले चिडवीत. 'फ्रेडी' हे नावही त्याला येथेच मिळाले.

तो टेबल टेनिस आणि बॉक्सिंग चांगले खेळे. परंतु खरी ओढ संगीताची. रेडिओवर ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर वाजवून दाखवी. ही गोष्ट मुख्याध्यापकांनी हेरली. थोडी जादा फी भरून मुलाला संगीत शिकवावे, असे त्यांनी पालकांना पत्राने सुचविले. पालकांनी होकार दिला आणि मुलगा पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत उत्तीर्ण झाला.

१९५८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने चार मित्रांसह 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड यांची रॉक अँड रोल गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत. चहाच्या लाकडी खोक्याला दोरी बांधून त्यांनी एक वाद्य केले होते. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी बाजूला पियानोवर बसे. त्याच वर्षी त्याला शाळेचे अष्टपैलू विद्यार्थ्याचे पारितोषिकही मिळाले.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. १९६४ च्या क्रांतीमुळे कुटुंबाला सर्व सोडून इंग्लंडला जावे लागले. तेथे १९६९ मध्ये त्याने कलाशिक्षणाची पदविका घेतली आणि १९७० मध्ये 'क्वीन' या बँडची सुरुवात झाली. बाजूला बसणारा मुलगा आता फ्रेडी मर्क्युरी या नावाने मुख्य गायक झाला. १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात, लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ७२ हजार श्रोते त्याच्याबरोबर गात होते. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी, एड्समुळे त्याचे निधन झाले.

प्रत्येक मुलगा फ्रेडी होणार नाही, हे मलाही कळते. पण परीक्षा जवळ आली की संगीताचा तास गणिताला द्या, अशी सूचना मी स्वतः अनेकदा केली आहे. पाचगणीच्या मुख्याध्यापकांचे ते पत्र आठवले की मन खंतावते. यंदा संगीताचा तास कोणालाही दिला जाणार नाही. पालकांनो, आपल्या पाल्याबद्दल असे एखादे पत्र शाळेकडून आले, तर ते जरूर वाचा.