जेरोमचे एक लडिवाळ विशेषण

लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोम स्वभावाने मुळीच सौम्य नव्हता. इ.स. 347च्या सुमारास स्त्रिदोन येथे त्याचा जन्म झाला. रोममध्ये दोनातस या ख्यातनाम वैयाकरणापाशी तो शिकला. पुढे बिशप दमासस याच्या सांगण्यावरून त्याने जुनी लॅटिन शुभवर्तमाने सुधारली. कानांना सरावलेले शब्द बदलले म्हणून टीका झाली, तेव्हा मार्सेला या विदुषीला लिहिलेल्या पत्रात त्याने टीकाकारांना 'होमुंकुली', म्हणजे क्षुद्र माणसे ठरवले. लघुत्वाचा 'कुल' प्रत्यय त्याच्या हाती असा चाबकासारखा चाले.

385 मध्ये त्याने रोम सोडले व पुढच्या वर्षी तो बेथलेहेमात स्थायिक झाला. पौला ही धनवान रोमी विधवाही तेथे आली. मठांचा खर्च तिने उचलला, आणि ती स्वतः इब्री शिकली. येथेच जेरोमने जुना करार इब्रीतून लॅटिनमध्ये आणला, आणि तोच प्रत्यय येथे निराळेच काम करू लागला.

लॅटिनमध्ये गरिबाला 'पाउपेर' म्हणतात. आपल्या 'गरीब' शब्दासारखे त्याचे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एकच. लघुत्वाचा प्रत्यय लागला की मात्र शब्द दुसऱ्या गणात जातो व लिंगाप्रमाणे चालतो: पाउपेर्कुलुस, पाउपेर्कुला, पाउपेर्कुलुम, जसे आपले बापुडा, बापुडी, बापुडे. यशया 54:11 मध्ये वादळाने झोडपलेल्या नगरीला स्त्री मानून हाक मारली आहे; तेथे जेरोमने 'पाउपेर्कुला' लिहिले. 66:2 मध्ये देव ज्या दीनाकडे पाहतो, त्याच्यासाठी 'पाउपेर्कुलुम' आहे. हा अंत्य 'म' पुल्लिंगी द्वितीयेचा, नपुंसकलिंगाचा नव्हे. दोन्ही ठिकाणी मूळ इब्री विशेषण एकच, आणि त्याला लघुत्वाचा प्रत्यय नाही. म्हणजे ही माया भाषांतरकाराने घातलेली.

शब्दाला शब्द मोजणारा येथे हरकत घेईल. मला ती पटत नाही. इब्रीत जो कळवळा वाक्याच्या सुरात आहे, तो जेरोमने प्रत्ययात ठेवला. शिवाय त्याच्या बायबलात हे रूप सरसकट येत नाही. दोन टोल्या टाकणारी विधवा मार्क 12:42 मध्ये नुसती 'पाउपेर' आहे, लूक 21:2 मध्ये 'पाउपेर्कुला'. ग्रीकमध्येही तेथे दोन निरनिराळे शब्द आहेत.

405च्या सुमारास जुन्या कराराचे काम पुरे झाले. पौला तत्पूर्वीच, 404 मध्ये निवर्तली होती. सारी संपत्ती दानात गेल्यामुळे तिच्या मुलीला वारसा मिळाला तो कर्जाचा. जेरोम 420 मध्ये बेथलेहेमातच वारला.