लिंकनच्या घरातली माणसं

अब्राहम लिंकन हे अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी १८६३ साली गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. पुष्कळ शाळांत भिंतीवर त्यांचे हेडमास्तरांना लिहिलेले पत्र लावलेले असते. पण ते पत्र त्यांनीच लिहिल्याचा पुरावा मिळालेला नाही, असे आमच्या बाईंनी सांगितले. म्हणून मी पत्राचे लिहीत नाही. त्यांच्या घराचे लिहिते.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात एका शेतावर झाला. घर म्हणजे ओंडक्यांची एकच खोली, खाली माती. वडील थॉमस शेती करायचे आणि सुतारकाम पण करायचे. थॉमस लहान होते तेव्हा, १७८६ साली, त्यांच्या वडिलांना शेतात काम करताना तिथल्या आदिवासींनी मारले. ती जमीन आधी आदिवासींचीच होती. त्या आजोबांचं नाव पण अब्राहमच होतं. आईचं नाव नॅन्सी. तिला सही येत नव्हती, ती फुली मारायची. मोठी बहीण सारा. एक धाकटा भाऊ झाला होता, तो तान्हा असतानाच वारला.

केंटकीत जमिनीच्या कागदांची फार भांडणं होती. एकच जमीन दोघातिघांच्या नावावर निघायची. म्हणून १८१६ च्या हिवाळ्यात थॉमस बिऱ्हाड घेऊन ओहायो नदीपलीकडे इंडियाना राज्यात गेले. तिथं गुलाम ठेवायला बंदी होती, ते पण एक कारण होतं. तिकडं नुसतं जंगल. सात वर्षांच्या अब्राहमच्या हातात कुऱ्हाड आली.

१८१८ साली तिथं दुधाचा आजार आला. तिकडच्या रानात पांढऱ्या फुलांचं एक विषारी झुडूप उगवतं. गाई ते खायच्या आणि विष दुधात उतरायचं. दूध पिणारी माणसं अंथरुणाला खिळायची अन् मरायची. तेव्हा कारण कुणाला ठाऊक नव्हतं. दुधानं माणूस मरतं हे मला आधी खरंच वाटेना. आमच्याकडं आजारी माणसाला दूधच देतात. तिथं पण तसंच देत असतील तर?

आधी नॅन्सीची मावशी आणि मावशीचा नवरा गेले. मग ५ ऑक्टोबर १८१८ ला नॅन्सी गेली. थॉमस यांनी स्वतः फळ्या कापून पेटी केली. पेटीच्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहमने तासल्या, असं सांगतात.

आता घरात सारा एकटी बाईमाणूस. ती अकरा वर्षांची, म्हणजे माझ्यापेक्षा एकच वर्षानं मोठी. स्वयंपाक, धुणं, झाडलोट सगळं तिच्यावर पडलं. चुलतमावस नात्यातला डेनिस पण तिथंच राहायला आला होता, म्हणजे खाणारी तोंडं चार. पुस्तकात साराबद्दल थोडंच लिहितात. मला ते बरोबर वाटत नाही.

वर्षभरानं थॉमस केंटकीला गेले आणि डिसेंबर १८१९ मध्ये दुसरं लग्न करून आले. नवीन आईचं नाव पण साराच! ती विधवा होती. तिची तीन मुलं होती. गोष्टीतली सावत्र आई नेहमी वाईट असते, पण ही तशी नव्हती. तिनं गाडीभर सामान आणलं, पिसांच्या गाद्या आणल्या. दोन्ही पोरांना न्हाऊ घातलं. थॉमस यांच्या मागे लागून घरात लाकडी जमीन करून घेतली. एवढ्याशा घरात आता आठ माणसं झाली. मुलगे माळ्यावर झोपायचे.

या आईला पण लिहिता येत नव्हतं. पण अब्राहम वाचत बसला तर ती त्याला उठवू द्यायची नाही. कागद नसला की तो फळीवर लिहायचा आणि फळी तासून पुन्हा लिहायचा. शाळा त्याला सगळी मिळून एक वर्षसुद्धा मिळाली नाही. भिजलेल्या पुस्तकाची गोष्ट सर्वांना येते, ती मी लिहीत नाही.

बहीण साराचं लग्न १८२६ ला झालं. २० जानेवारी १८२८ ला ती बाळंतपणात वारली. बाळ पण गेलं. तेव्हा ती एकवीस वर्षांची सुद्धा नव्हती.

१८३० साली सगळं घर इलिनॉय राज्यात गेलं. पुढच्या वर्षी अब्राहम घर सोडून स्वतःच्या पोटापाण्याला लागला. तो वकील झाला. वडिलांशी त्याचं फारसं जमलं नाही. १८५१ साली थॉमस वारले तेव्हा तो मातीला गेला नाही. मोठा माणूस असला तरी हे मला आवडलं नाही.

आईला मात्र तो विसरला नाही. राष्ट्राध्यक्ष निवडून आल्यावर वॉशिंग्टनला जायच्या आधी, १८६१ च्या थंडीत, तो मुद्दाम तिला भेटायला गेला. तेव्हा वडिलांच्या कबरीवर पण जाऊन आला. त्यानं आईला काळं लोकरी कापड दिलं, असं सांगतात. नंतर त्यांची भेट झाली नाही. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांना गोळी घालून मारलं. आई त्यानंतर चार वर्षं जगली. १८६९ ला ती गेली तेव्हा त्याच काळ्या कपड्यात तिला थॉमस यांच्या शेजारी पुरलं, असं म्हणतात.