ज्ञानकोशकाराच्या गोष्टी

माझ्या लहानपणी सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावली जात. पुढे मी वृत्तपत्रांत लिहू लागलो, तेव्हा त्या गिरण्या बंद पडत होत्या. किती चात्या थांबल्या, किती कामगार घरी बसले, देणी किती थकली, हे सारे मी तपासून लिहिले. लेख छापून आला, तो आत्याने चष्मा लावून वाचला. तिने एवढेच विचारले, की हे सगळे खरे, पण त्या दिवशी घरी आलेला माणूस बायकोला काय म्हणाला? माझ्या टिपणवहीत त्याचे उत्तर नव्हते. कथा-कादंबरी हा रिकामपणाचा उद्योग, असे मी तोवर मानत आलो होतो.

त्याच सुमारास हिराचंद नेमचंद वाचनालयात ‘ब्राह्मणकन्या’ हाती आली आणि लेखकाचे नाव वाचून मी चमकलो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर! त्यांच्या ज्ञानकोशाचे जाडजूड खंड मी संदर्भासाठी नेहमी चाळत असे. एवढ्या माहितीच्या धन्याला कादंबरीची गरज का पडावी?

केतकरांचा जन्म रायपूरचा, १८८४ सालचा. बालपण अमरावतीत गेले. १९०६ साली ते अमेरिकेत गेले आणि कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली डॉक्टरेट घेतली. अभ्यासाचा विषय होता जातिसंस्थेचा इतिहास आणि हाताशी होती मनुस्मृती. मायदेशी परतल्यावर त्यांनी मराठीत ज्ञानकोश करण्याचा ध्यास घेतला. पाठीशी ना सरकार, ना संस्थानिक. कंपनी काढून, भाग विकून, गावोगाव वर्गणीदार मिळवून त्यांनी तो गाडा ओढला. एकूण २३ खंड झाले. पैशाची ओढाताण मात्र जन्मभर सुटली नाही.

लंडनमध्ये त्यांची एडिथ कोह्न या ज्यू तरुणीशी ओळख झाली होती. १९२० साली त्या भारतात आल्या, व्रात्यस्तोम विधीने हिंदू झाल्या आणि शीलवती केतकर म्हणून नांदल्या. आपला कोण आणि परका कोण, हा प्रश्न केतकरांनी ग्रंथात मांडला होता. आता तो त्यांच्या घरात पाटावर येऊन बसला होता.

ज्ञानकोश संपत आला असताना, १९२६ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांची ‘गोंडवनातील प्रियंवदा’ आली. मग ‘परागंदा’, ‘आशावादी’ अशा करत सात कादंबऱ्या झाल्या. १९३० च्या ‘ब्राह्मणकन्या’तली कालिंदी ही मिश्रविवाहाची मुलगी. बाप ब्राह्मण, पण आईच्या कुळामुळे मुलीला समाजात जागा नाही. ती शिवशरणाप्पा नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नावाचून राहते. हे नाव वाचून मी हसलो. आमच्या पेठेत या नावाने हाक मारली, तर चार दारांतून ओ येईल! पण पुढे हसू मावळले. संकराच्या संततीचे स्थान काय, हे स्मृतिग्रंथ एका ओळीत सांगून मोकळे होतात. त्या ओळीखाली दबलेली मुलगी कोणाच्या दारात उभी राहणार, हे विचारायला केतकरांना कालिंदी हवी होती.

या कादंबऱ्या रेखीव नाहीत. कथा रंगात येते आणि एखादे पात्र समाजशास्त्रावर बोलू लागते. भाषाही ओबडधोबड. त्या काळच्या टीकाकारांनी त्यांना याबद्दल झोडपले. तरीही १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि पुढे दुर्गाबाई भागवतांनी ‘केतकरी कादंबरी’ हे पुस्तकच लिहिले. १० एप्रिल १९३७ रोजी केतकर पुण्यात वारले. त्या वर्षापर्यंत ते कादंबऱ्या लिहीतच होते. कसब पुरते हाती आले नाही, म्हणून त्यांनी प्रश्न सोडला नाही.

पुस्तक परत करून मी शेजारच्या जुन्या कामगाराकडे गेलो. आत्याचा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, की त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. डबा न उघडता परत आणला होता. बायकोला वाटले भाजी खारट झाली, म्हणून ती रात्रभर स्वतःवर चिडत राहिली.

त्या डब्यावर मी आयुष्यातली पहिली गोष्ट लिहिली. आत्याने ती वाचली आणि पहिली दोन पाने खुशाल फाडून टाक म्हणाली. त्यांत गिरणीचा इतिहास होता. मी ती फाडली. केतकरांची आठवण झाली आणि वाईट वाटले नाही.