माता रमाईंचं आजारपण आणि बाबासाहेबांचा शोक

दरवर्षी 7 फेब्रुवारीला आपण माता रमाईंची जयंती साजरी करतो. त्या दिवशी विहारात गाणी होतात, भाषणं होतात, खीर वाटली जाते. 27 मे हा त्यांचा स्मृतिदिन मात्र मुलांच्या सुट्टीत येतो, बरीच कुटुंबं गावी गेलेली असतात, आणि तो दिवस तसाच निघून जातो. म्हणून या स्मरणिकेत रमाईंच्या अखेरच्या दिवसांविषयी आणि त्यांच्यामागे बाबासाहेबांनी भोगलेल्या दुःखाविषयी चार शब्द लिहीत आहे. आपल्या वस्तीत कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाचा ना कुणाचा जोडीदार नुकताच गेलेला असतो. त्या घरांना हे वाचून थोडा आधार वाटावा, एवढीच इच्छा.

रमाईंचा जन्म 1898 साली दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धोत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. लहानपणीच आई गेली, मग वडीलही गेले. पोरकी झालेली ही भावंडं नातेवाईकांनी मुंबईला आणली. 1906 साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराची विक्री आटोपल्यावर रात्री, रमाईंचं लग्न झालं. नवरदेव भीमराव तेव्हा शाळेत शिकत होते.

पुढचं आयुष्य आपल्या सर्वांना ठाऊक आहे. 1913 साली सुभेदार रामजीबाबा वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले. 1917 ला परत आले, 1920 ला पुन्हा लंडनला गेले, ते 1923 ला परतले. या सगळ्या वर्षांत रमाईंनी परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांचा संसार ओढला. शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, प्रसंगी उपाशी झोपल्या, पण परदेशी शिकणाऱ्या पतीला घरची हलाखी कळू दिली नाही, असं जुनी माणसं सांगत आली आहेत.

यापेक्षा मोठं दुःख मुलांचं होतं. पाच लेकरं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न, चौघंही लहानपणीच गेली. 1926 च्या जुलैमध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या एका जवळच्या सहकाऱ्याला पत्र लिहून मन मोकळं केलं. एवढा खंबीर माणूस, पण आपण पार खचलो आहोत हे कबूल करायला त्यांना कमीपणा वाटला नाही. मग ज्या आईने चारही लेकरं मांडीवरून मातीत जाताना पाहिली, तिच्या जिवाचं काय झालं असेल?

ती उपासमार, ती बाळंतपणं, ते दुःख, सगळं रमाईंच्या शरीरात साठत गेलं. दादरला राजगृह उभं राहिलं, पुस्तकांनी भरलेलं हक्काचं घर झालं, दोन घास सुखाचे खायचे दिवस आले आणि तेव्हाच तब्येतीने साथ सोडली. औषधोपचार झाले. हवापालटासाठी धारवाडलाही नेऊन झालं. गुण आला नाही. अखेरच्या महिन्यांत त्या अंथरुणालाच खिळल्या. 27 मे 1935 रोजी राजगृहात रमाईंची प्राणज्योत मालवली. वय अवघं सदतीस. एकोणतीस वर्षांचा संसार संपला.

अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. बाबासाहेब जड पावलांनी सोबत चालले. घरी परतल्यावर त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतलं आणि लहान मुलासारखे रडले. मुंडण केलं. कित्येक दिवस त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ज्या माणसाने गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या प्रधानांसमोर आपली बाजू ठणकावून मांडली, तो माणूस आपल्या रामूसाठी ढसाढसा रडला.

हे मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे कुणी गेलं की काही मंडळी लगेच म्हणतात, सगळं अनित्य आहे, बौद्ध माणसाने रडायचं नसतं. अनित्य आहे हे खरंच. पण कुशीनाराला तथागतांचा अंतकाळ जवळ आला तेव्हा भिक्खू आनंद एका बाजूला जाऊन रडत उभा होता. भगवंतांनी त्याला जवळ बोलावलं, जे जन्मलं ते जाणारच हे समजावलं, आणि त्याने इतकी वर्षं प्रेमाने केलेल्या सेवेचं सर्वांसमोर कौतुक केलं. रडणाऱ्याला हाकलून दिलं नाही. तेव्हा शेजारच्या घरात कुणी रडत असेल तर उपदेश नंतर करा, आधी जवळ जाऊन बसा. चहा करून द्या, पोरांना जेवू घाला.

बाबासाहेब त्या दुःखातून सावकाश उठले. त्याच जूनमध्ये त्यांनी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचं प्राचार्यपद सांभाळलं. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याची ती ऐतिहासिक घोषणा केली. कामाला लागले म्हणून रमाईंना विसरले असं मात्र झालं नाही. 1940 साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला आणि हलाखीच्या दिवसांतल्या त्यांच्या सोबतीचं ऋण जगासमोर मान्य केलं. तेरा वर्षं ते एकटे राहिले. स्वतःची तब्येत ढासळल्यावर 1948 साली डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी विवाह केला. पुन्हा संसार मांडणं म्हणजे गेलेल्या माणसाशी बेइमानी, असं समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

शेवटी माझ्या माता-भगिनींना एक विनंती. रमाईंनी दुखणं अंगावर काढलं कारण घरात पैसा नव्हता आणि माणसं त्यांच्यावर अवलंबून होती. आज दवाखाना जवळ आहे. ताप, खोकला, अंगावर जाणं, छातीतली गाठ, काहीही असो, लपवू नका. नवऱ्यांनीही बायको बोलत नाही म्हणजे ती ठणठणीत आहे असं धरून चालू नये. रमाईंच्या फोटोला हार घालताना घरातल्या बाईला तब्येत कशी आहे हे विचारलं, तर ते त्या माउलीला खरं अभिवादन होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!