मलिक अंबर आणि पाण्याचे जाळे

मलिक अंबराची इतिहासात नोंद आहे ती मुख्यतः सेनानी म्हणून. सुमारे १५४८ मध्ये हबसाणात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा मुर्तझा निजामशहास गादीवर बसवून त्याने बुडते राज्य सावरले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविला, मराठा सरदारांच्या साह्याने गनिमी कावा चालविला आणि १६२४ मध्ये भातवडीस मोगल व विजापूरकरांच्या फौजांचा पराभव केला. १६२६ मध्ये तो मरण पावला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्याचे थोरपण अन्यत्रही दिसते. १६१० मध्ये वसविलेल्या खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, त्याने नहर-ए-अंबरी बांधविली. उत्तरेकडील डोंगरांतून झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने, निव्वळ उताराच्या बळावर शहरात आले. ठराविक अंतरावर सफाईसाठी व हवेसाठी उभी विवरे, आणि नळांतील दाब आवरण्यासाठी दगडी बंबे: हीच लहान रचना या जाळ्यात पुनःपुन्हा येते.

जाळ्यांच्या आधुनिक शास्त्राने अशा पुनरावृत्तीचे मोल ओळखले आहे. १९५९ मध्ये पॉल एर्डोश व आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी यदृच्छेने जोडलेल्या जाळ्यांचे गणित मांडले. पुढे २००२ मध्ये उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या जाळ्यांची यदृच्छ जाळ्यांशी तुलना केली. जनुकांच्या, अन्नसाखळ्यांच्या व विद्युत्मंडलांच्या जाळ्यांत काही लहान रचना अपेक्षेहून कितीतरी अधिक वेळा आढळल्या. ज्या रचनेचा उपयोग आहे, तीच अशी टिकून राहते, असा त्यावरून तर्क निघतो. अंबरास हे गणित ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण रचनेचे मर्म त्याला कळले होते.

म्हणूनच रस्त्याखाली एखादे विवर बुजले किंवा बंबा पडला, तर ती केवळ एका जुन्या वास्तूची हानी नव्हे. दुवा तुटला की पुढचा सारा मार्ग कोरडा पडतो. जायकवाडीचे पाणी दूरवरून उपसून आणणाऱ्या आणि तरीही वर्षानुवर्षे नळाची वाट पाहत आलेल्या या शहराने त्या दुव्यांची मोजदाद करून त्यांचे रक्षण करावे. अंबराचे स्मारक पुतळ्यात नव्हे, वाहत्या पाण्यात आहे.