पवळाबाई हिवरगावकर : टाळ्या मिळाल्या, मान राहिला

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी असलेल्या वैशालीताईंनी ‘तेरवं’ या नाटकात भूमिका केली होती. आपल्या जिल्ह्यातील एक बाई स्वतःचे जगणे स्वतःच्या तोंडाने मांडते, हे पाहून आम्हाला पवळाबाई हिवरगावकर आठवल्या. त्यांना ही संधी कधी मिळाली नाही.

पवळाबाईंचा जन्म १८७० चा, संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे, महार समाजात. त्या काळी तमाशात बाईचे सोंग नाच्या पोऱ्या घेई. पवळाबाई स्वतः फडावर उभ्या राहिल्या आणि तमाशातील पहिली स्त्री कलावंत म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांच्याशी त्यांची जोडी जमली. बापूरावांची लावणी आणि पवळाबाईंची अदाकारी यांनी मुंबई आणि गावोगावच्या जत्रा गाजवल्या.

पण शब्द बापूरावांचे होते. त्यांनी ब्राह्मण्य सोडले, बहिष्कार सोसला आणि त्यांचा त्याग इतिहासात नोंदला गेला. पवळाबाईंना जात सोडण्याची सोय नव्हती. रात्री दौलतजादा करणारे हात सकाळी त्यांचा स्पर्श टाळणारेच होते.

महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. १९३६ साली मुंबईत मुरळ्या, जोगतिणी आणि देहविक्रय करणाऱ्या भगिनींनाही त्यांनी ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. आमच्या मते बाबासाहेबांनी नाकारली ती बाईला बाजारात उभी करणारी व्यवस्था. आपण मात्र त्या व्यवस्थेबरोबर पवळाबाईंचे नावही घराबाहेर ठेवले. पैसा नाकारणे आणि माणूस नाकारणे यांत फरक आहे, हे आपल्या लक्षात राहिले नाही.

पुढे बापूराव आणि पवळाबाईंची ताटातूट झाली. १९३९ साली पवळाबाई गेल्या. बापूरावांवर चित्रपट निघाला, शाहीर म्हणून त्यांचा गौरव झाला. पवळाबाई मात्र त्यांच्या चरित्रातले एक प्रकरण होऊन राहिल्या.

आज यवतमाळच्या वस्त्यांत भीमजयंतीच्या मंचावर आपल्या लेकी गातात, नाटक करतात. तिथे त्यांच्याकडे वाकड्या नजरेने कोणी पाहत नाही. हा मान चळवळीने मिळवून दिला. पण फडावर पहिले पाऊल टाकणारी बाई आपल्यातलीच होती, हेही त्या लेकींना कळू द्या. येत्या जयंतीला कलावंतांची ओळख करून देताना सुरुवातीला पवळाबाईंचे नाव घ्यावे, एवढीच आमची विनंती.

जयभीम.