विश्लेषण : दटावताच रडणारी डायनासोर… कागदावरच्या चित्राला स्वभाव देणारे विन्सर मॅके कोण होते?

फेब्रुवारी १९१४. शिकागोच्या पॅलेस थिएटरमध्ये एक गृहस्थ हातात चाबूक घेऊन रंगमंचावर उभे राहिले आणि मागच्या पडद्यावरची, रेषांनी काढलेली एक डायनासोर त्यांचे हुकूम पाळू लागली. अर्थात, मनात आले तरच. ती गर्टी आणि ते विन्सर मॅके. कार्टूनमधल्या पात्रांच्या अभिनयाची गोष्ट इथपासून सांगावी लागते.

मॅके मुळात काय करत?

मिशिगनमध्ये वाढलेले मॅके वृत्तपत्रांचे चित्रकार होते. १९०५ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये सुरू झालेल्या ‘लिटल निमो’ या चित्रमालिकेने त्यांना घरोघरी नेले. प्रेक्षकांसमोर झरझर चित्रे काढण्याचे प्रयोगही ते करत. १९११ मध्ये सुमारे ४ हजार चित्रे काढून त्यांनी निमोला पडद्यावर आणले.

गर्टीत नवे काय होते?

चित्रे हलवून दाखवणे नवे नव्हते. अमेरिकेत स्टुअर्ट ब्लॅकटन आणि फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी ते आधीच केले होते. गर्टीला मात्र स्वभाव होता. ती लाजत गुहेतून डोके काढते, पाय उचल म्हटले की टाळाटाळ करते, मध्येच झाड खाते, मॅमथला शेपटीला धरून तळ्यात भिरकावते. मॅके दटावतात तेव्हा लहान मुलासारखी रडते. शेवटी मॅके पडद्यामागे जात आणि त्याच क्षणी चित्रातले मॅके गर्टीवर स्वार होत!

यामागची मेहनत विलक्षण होती. पारदर्शक सेल्युलॉइडचे तंत्र तेव्हा रूढ नव्हते. त्यामुळे डोंगर-तळ्याची तीच पार्श्वभूमी हजारो कागदांवर पुन्हा पुन्हा गिरवावी लागे. ते काम शेजारी राहणाऱ्या जॉन फिट्झसिमन्स या तरुणाने केले. गर्टीचा श्वास किती वेगाने चालावा, हे ठरवण्यासाठी मॅके यांनी स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजला. हालचालीतल्या मुख्य मुद्रा आधी काढायच्या आणि मधल्या नंतर भरायच्या, ही पद्धतही त्यांनी वापरली. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. उलट, जॉन ब्रे यांनी अशा तंत्रांची पेटंटे मिळवून मॅके यांनाच कोर्टात खेचले. तो वाद मॅके यांनी जिंकला.

मग ते मागे का पडले?

मालकामुळे. १९११ पासून ते विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांत होते. रंगमंचावरचे प्रयोग हर्स्ट यांना नोकरीतली अडचण वाटत. त्यांनी त्यावर बंधने घातली आणि मॅके यांना अग्रलेखांसाठी व्यंगचित्रे काढायला बसवले. तरीही फावल्या वेळात, स्वतःच्या खर्चाने त्यांनी ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ (१९१८) पूर्ण केला. १९२१ नंतर मात्र त्यांचा एकही नवा चित्रपट प्रदर्शित झाला नाही. २६ जुलै १९३४ रोजी ब्रुकलिनमध्ये त्यांचे निधन झाले.

१९५५ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमात गर्टीचा तो प्रयोग पुन्हा उभा केला. पुढे फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात गर्टीच्या आकाराचे आइस्क्रीमचे दुकानही उभे राहिले.